तबकडीचे आयुष्य

२०१९ च्या मे महिन्यात, भर दुपारी, कुडाळ तालुक्यातल्या एका गावाहून एक तरुण माझ्या दारात उभा राहिला. हातात आंब्यांची पिशवी. ओळख सांगितली तेव्हा मला त्याचे वडील आठवले. दशावतारात राजाची कामे करायचे. आवाज असा की पायपेटी थांबली तरी मंडप भरलेला राहायचा. ते जाऊन चार वर्षे झाली होती. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "सर, बाबांचो आवाज तुमच्याकडे आसा असां आवशीन सांगल्यान."

आवाज होता. निदान मी तसे समजत होतो. १९९४ ते २००१ या काळात मी सिंधुदुर्गातल्या जत्रांमधून कॅसेट रेकॉर्डर घेऊन हिंडलो होतो. दशावताराला लिखित संहिता नसते. आज कोणते आख्यान लावायचे एवढे ठरते, आणि बाकीचे संवाद नट रंगमंचावर उभे राहून रचतात. त्यामुळे एका रात्रीचा प्रयोग पुन्हा कधीच तसाच होत नाही. ध्वनिमुद्रण नसेल तर तो प्रयोग फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत उरतो, तोही जाग येईल तसा, झोप लागेल तसा. २००३ साली मी त्या कॅसेटी एका स्टुडिओत नेऊन अठ्ठेचाळीस सीड्यांवर उतरवून घेतल्या. स्टुडिओवाल्याने सांगितले, "शंभर वर्षं बघायला नको." मी प्रत्येक सीडीवर छापील गोल स्टिकर चिकटवले, क्रमांक घातले आणि तीन वर्षांनी घर बदलताना कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. त्यांना बुरशी आली होती, आणि आता सीड्या होत्याच.

त्या तरुणाच्या वडिलांचा हरिश्चंद्र तेरा ते सतरा अशा पाच तबकड्यांवर होता. पहिल्या चार लागल्या. सतरावी संगणकात घातली तेव्हा ती बराच वेळ फिरत राहिली, गिरणीतल्या पट्ट्यासारखा आवाज करत राहिली, आणि शेवटी पडद्यावर सूचना आली की ड्राइव्हमध्ये तबकडी घालावी. तबकडी आतच होती.

पुढचे दीड वर्ष मी जे वाचले, विचारले आणि करून पाहिले, त्यातून हा लेख झाला आहे. मी तंत्रज्ञ नाही. आयुष्यभर मराठी शिकवली. पण कागदाचे, ताम्रपटाचे, भूर्जपत्राचे आयुर्मान आपण अभ्यासतो, मग ज्या वस्तूवर आपल्या पिढीने आपला बहुतेक ऐवज ठेवला तिची कुंडली कोणी मांडायची?

सुरुवात जरा मागून करतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. ती लाख पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्याची, आणि तिचा मोठा पुरवठा भारतातूनच होई. नाट्यसंगीताच्या त्या तबकड्या आजही संग्राहकांकडे वाजतात. त्या वाजवायला काय लागते? गोल फिरवणारे काहीतरी आणि एक सुई. खाच डोळ्यांनी दिसते, नखाला लागते. तबकडीला तडा गेला तर दर फेऱ्याला 'टक' ऐकू येते, पण गाणे चालू राहते. म्हणजे ती म्हातारी होते ती आपल्या डोळ्यांदेखत, कण्हत-कुंथत. सीडीचे म्हातारपण तसे नसते, आणि माझा सगळा घोटाळा इथेच झाला.

प्रकाशाने तबकडी वाचायची ही कल्पना सीडीच्या बरीच आधीची. अमेरिकेत डेव्हिड पॉल ग्रेग आणि जेम्स रसेल यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत त्या दिशेने काम करून पेटंटे घेतली होती. बाजारात पहिली आली ती लेसरडिस्क. डिसेंबर १९७८ मध्ये अटलांटा शहरात ती विक्रीला आली, व्यास तीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढी, आणि तिच्यावर चित्रपट. तिच्यामुळेच इंग्रजीत एक नवा रोग जन्मला, त्याला 'लेसर रॉट' म्हणतात, म्हणजे तबकडीचे कुजणे. दोन ॲक्रिलिक चकत्या गोंदाने एकमेकींना चिकटवून ती तबकडी बनायची. कडेतून, गोंदातून दमट हवा आत शिरली की आतले ॲल्युमिनियम गंजायचे आणि चित्रावर रंगीत ठिपक्यांचा पाऊस पडायचा. या घराण्यातल्या थोरल्या बहिणीलाच हा रोग होता, हे धाकटीला घरात आणताना आपल्याला कोणी सांगितले नाही.

धाकटी म्हणजे सीडी. फिलिप्स कंपनीने ८ मार्च १९७९ रोजी हॉलंडमधल्या आइंडहोव्हन इथे तिचे प्रात्यक्षिक दाखवले. मग सोनीशी हातमिळवणी झाली आणि १९८० मध्ये दोघांनी मिळून तिचे नियम ठरवले. ऑगस्ट १९८२ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेनच्या कारखान्यात 'ॲबा' या स्वीडिश गटाची तबकडी छापली गेली आणि १ ऑक्टोबरला जपानमध्ये पहिले सीडी प्लेअर दुकानात आले. व्यास १२ सेंटिमीटर का, याची एक लाडकी गोष्ट सांगितली जाते. सोनीच्या नोरिओ ओगा यांना बेथोव्हनची नववी सिंफनी एका तबकडीत बसवायची होती म्हणून ७४ मिनिटे धरली, अशी ती गोष्ट. फिलिप्सचे अभियंते केस इमिंक हे या घडामोडीत प्रत्यक्ष होते. त्यांनी पुढे लिहिले की फिलिप्सशी संबंधित कारखाना साडेअकरा सेंटिमीटरच्या तबकडीसाठी आधीच सिद्ध होता, तो फायदा सोनीला मोडायचा होता. मला इमिंक यांचे म्हणणे जास्त पटते. व्यापारातल्या निर्णयांना नंतर कलेची शाल पांघरण्याची चाल सगळ्या देशांत आहे.

या तबकडीची बांधणी समजली की तिची निगा आपोआप समजते, म्हणून इथे थोडा थांबतो. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. तिचा जवळजवळ सगळा भाग म्हणजे पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक. त्याच्या वरच्या अंगाला सूक्ष्म खळगे उठवलेले असतात, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास रुंद. आतून बाहेर जाणाऱ्या एकाच वेटोळ्यात ते मांडलेले असतात. दोन वेढ्यांतले अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत चाळीसेक वेढे. ते वेटोळे उलगडून सरळ केले तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. खळग्यांवर ॲल्युमिनियमचा एक मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही पातळ थर, त्यावर काही मायक्रॉनचे लाखेसारखे लेपण, आणि त्यावर छपाई. बस्स.

आता लेसरचा किरण खालून येतो, सगळे प्लास्टिक ओलांडून वरच्या खळग्यांवर जमा होतो आणि धातूवरून परततो. खालच्या पृष्ठभागावर त्या किरणाचे वर्तुळ पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, खळग्यांपाशी पोचेपर्यंत ते दोनेक मायक्रॉनचे होते. त्यामुळे खालच्या बाजूची धूळ किंवा बारीक ओरखडा त्याला दिसतच नाही; खिडकीच्या काचेवरचा डाग रस्ता बघताना आपल्याला दिसत नाही तसाच. आपण सगळ्यांनी काय केले? चकचकीत बाजू जपली आणि छापील बाजू टेबलावर घासली, तिच्यावर बॉलपेनने नावे लिहिली, स्टिकर लावले. खरा मजकूर त्या छापील बाजूखालीच आहे, काही मायक्रॉन अंतरावर. खालचा ओरखडा घासून काढता येतो. वरून धातू खरवडला गेला तर मजकूरच जातो, तो परत आणता येत नाही. डीव्हीडी या बाबतीत सुदैवी: तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि मजकूर मधोमध, सँडविचमधल्या चटणीसारखा. ब्लू-रेत तो खालच्या बाजूला, ०.१ मिलिमीटरच्या आवरणाखाली येतो. त्यामुळे एकाच कपाटातल्या तीन सारख्या दिसणाऱ्या तबकड्यांचे मर्मस्थान तीन ठिकाणी असते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे सीडी कण्हत नाही. १९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. मजकुराबरोबर हिशेबाने काही जादा आकडे पाठवले तर वाटेत बिघडलेले आकडे ओळखता येतात आणि दुरुस्तही करता येतात, असा त्याचा आशय. सीडीत हीच युक्ती आहे. शिवाय लगतचे आकडे लगत ठेवायचेच नाहीत, ते तबकडीवर लांब लांब पसरून टाकायचे, म्हणजे एक ओरखडा एका वाक्याचा घास घेण्याऐवजी अनेक वाक्यांचे एकेक अक्षर घेईल. मला यावरून जटापाठ आठवला. वेदपठणात पहिले पद, दुसरे पद, मग दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे, असे उलटसुलट विणून म्हणतात. एखादे पद चुकले तर विणीत गाठ बसते आणि चूक लपत नाही. तुलना फार ताणू नये. वैदिकांची वीण चूक उघडी पाडते. सीडीची वीण ती बुजवते. वेटोळ्याच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंतचा मजकूर गेला तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

ही सोय की फसवणूक? तबकडीचा धातू गंजत असतो, चुका वाढत असतात, दुरुस्तीचे गणित त्या निमूट भरून काढत असते, आणि आपण ऐकून म्हणतो, नवी कोरी आहे. मग एक दिवस चुका गणिताच्या कुवतीबाहेर जातात आणि तबकडी एकदम मुकी होते. काल चांगली होती, आज गेली, असे आपण म्हणतो. वास्तविक ती कित्येक वर्षे जात असते. मूळ नियमांत सेकंदाला २२० चुकार गट ही मर्यादा दिलेली आहे, आणि ते मोजणारी यंत्रेही असतात. पण घरात कोण मोजणार?

त्यातही ध्वनीच्या सीडीची आणखी एक खोड मला फार उशिरा कळली. संगणकाच्या मजकुराच्या सीडीला दुरुस्तीची एक जादा तटबंदी असते, कारण तिथे एक आकडा चुकून चालत नाही. गाण्याच्या सीडीला ती नसते. दुरुस्ती हरली तर प्लेअर मागचा-पुढचा आवाज पाहून मधला आवाज अंदाजाने भरतो. हा अंदाज सेकंदाच्या हजाराव्या भागांतला असतो, त्यातून शब्द बनत नाही, हे मान्य. तरी मी बोलीचा अभ्यास करणारा माणूस. एखाद्या नटाचा ओठांवरचा उच्चार कान देऊन वीस-वीस वेळा ऐकणारा. त्यातला कणभर भाग त्या माणसाचा नसून यंत्राच्या कल्पनेचा असू शकतो, ही गोष्ट मनातून जात नाही. माझे सगळे मुद्रण स्टुडिओने गाण्याच्या सीडीसारखे करून दिले होते. "घरच्या प्लेअरवर लागलं पाहिजे ना, सर?" हा त्याचा प्रश्न त्या वेळी रास्तच वाटला होता.

इथवर सांगितले ते कारखान्यात छापलेल्या सीडीविषयी. घरी लिहायची सीडी ही वेगळी जात. जपानच्या तायो युदेन कंपनीने १९८८ मध्ये ती पुढे आणली, १९९० मध्ये तिचे नियम ठरले. तिच्यात खळगे नसतात. प्लास्टिक आणि धातू यांच्यामध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसर तो ठिकठिकाणी भाजतो. म्हणून तर आपण 'सीडी बर्न केली' म्हणायचो. हा रंग म्हणजे कापडाच्या रंगाचाच दूरचा भाऊ, आणि उन्हात वाळत घातलेल्या साडीचे जे होते तेच त्याचे होते. सायनिन, ॲझो आणि थॅलोसायनिन अशा तीन मुख्य जाती. तबकडीचा खालचा हिरवट, गडद निळा किंवा सोनेरी रंग पाहून जाणकार जात ओळखत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या संशोधकांनी या जातींना तीव्र प्रकाश, उष्णता आणि दमटपणा यांत ठेवून पाहिले, तेव्हा थॅलोसायनिन आणि सोने-चांदीच्या मिश्रधातूचा थर असलेल्या तबकड्या सर्वांत तगल्या. हा निबंध २००४ चा. माझ्या तबकड्या २००३ च्या, पन्नासच्या गठ्ठ्यातल्या, सगळ्यांत स्वस्त, कोणत्या रंगाच्या हे विचारण्याची अक्कल नसलेल्या माणसाने घेतलेल्या.

मग 'शंभर वर्षे' आली कुठून? ती थाप नव्हती. कोडॅकच्या संशोधकांनी १९९५ मध्ये आपल्या लिहिता येणाऱ्या सीडीचे आयुष्य २०० वर्षांहून अधिक काढले होते. पद्धत अशी: तबकड्या खूप गरम आणि दमट पेटीत ठेवायच्या, किती आठवड्यांत बिघडतात ते पाहायचे, आणि त्या वेगावरून थंड, कोरड्या खोलीतला वेग गणिताने काढायचा. लोणचे उन्हात किती दिवसांत मुरते यावरून सावलीतले दिवस काढावे तसे. गणित बरोबर आहे. मात्र त्यातली खोली २५ अंश तापमानाची, ४० टक्के आर्द्रतेची आणि अंधारी आहे. सावंतवाडीत जुलैमध्ये हवेत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत पांढरी लव येते. शिवाय जाहिरातीत आकडा पोचला, खोली मागे राहिली.

पुरावे मात्र आकड्याच्या विरुद्ध जमत होते. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात छापलेल्या सीड्या तांबूस पडून बाद झाल्या. वरचे लेपण वेष्टनाच्या कागदातल्या गंधकाला पुरे पडले नव्हते. ज्या कागदावर गाण्याची माहिती छापली त्यानेच गाणे खाल्ले. २००१ मध्ये माद्रिदच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले संशोधक हाविएर गार्सिया-गिनेआ यांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या सीडीवर जिओट्रायकम जातीची बुरशी दाखवली. ती कडेने शिरली होती आणि प्लास्टिक व ॲल्युमिनियम दोन्ही पोखरत गेली होती. हे वाचल्यावर मी आनंदाने सतरावी तबकडी दिव्यासमोर धरली. वाटले, दोष कोकणच्या पावसाचा ठरेल. पण बुरशीची नक्षी नव्हती. कडेला सुमारे बोटभर रुंदीचा भाग होता, तिथे मी लावलेला स्टिकर दमटपणाने फुगून सुटला होता आणि सुटताना खालचा धातू सोलून घेऊन गेला होता. दिव्याचा उजेड पलीकडून थेट येत होता. गुन्हेगार मीच.

२००३ च्याच ऑक्टोबरात, म्हणजे मी स्टिकर चिकटवत होतो त्या सुमारास, त्याच अमेरिकी मानक संस्थेने ग्रंथालये आणि अभिलेखागारांसाठी एक मार्गदर्शिका काढली होती. लेखक फ्रेड बायर्स. त्यात चिकटपट्ट्यांविषयी स्पष्ट इशारा आहे. लिहायचेच तर मऊ टोकाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या पेनने, आणि शक्यतो मधल्या छिद्राभोवतीच्या पारदर्शक कड्यावर. तबकडी कडेने किंवा छिद्राने धरावी, पुस्तकासारखी उभी ठेवावी, ४ ते २० अंश तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत, उन्हापासून दूर. पुसायची तर मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नव्हे. गोल पुसताना कण अडकला तर ओरखडा वेटोळ्याच्या दिशेने जातो आणि सलग मजकूर खातो. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याचा एकेक कण घेतो, तो गणिताला झेपतो. आपण सगळे मात्र सीडी शर्टाच्या टोकाने भांडे पुसल्यासारखी गरगर पुसत आलो. त्या पुस्तिकेतली एक सूचना मला सर्वांत मोलाची वाटते: कोऱ्या तबकडीचेही वय होत असते. स्वस्त मिळाल्या म्हणून भरून ठेवू नयेत.

आणि स्वस्त तर त्या फारच झाल्या. लिहिता येणाऱ्या तबकड्या बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक भारतातली होती: मोझर बेअर, १९८३ मध्ये स्थापन झालेली. तिने पुढे चित्रपटही विकायला घेतले. व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना. त्या काळात मराठी नाटके दोन-दोन, तीन-तीन व्हीसीड्यांच्या संचात घरोघरी गेली. मुंबई-पुण्याबाहेरच्या कित्येकांनी जी नाटके पाहिली ती अशीच, मधल्या अंकाला तबकडी बदलत. २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली. तोवर सीड्या शेतात पाखरे हाकायला लटकू लागल्या होत्या, रिक्षांच्या मागे चमकत होत्या, आमच्या शेजारच्या मुलांच्या आकाशकंदिलाला झिरमिळ्यांऐवजी होत्या. त्यांतल्या किती रिकाम्या होत्या आणि किती भरलेल्या, कोण जाणे.

पण समजा, तबकडी धडधाकट राहिली. मग?

१०८६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या विल्यमने देशाची महसुली पाहणी करून घेतली, ती डूम्सडे बुक या नावाने प्रसिद्ध आहे. चामड्यावर लिहिलेली ती वही आजही वाचता येते. तिच्या ९०० वर्षांनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने नवी पाहणी काढली: शाळाशाळांतली मुले, दहा लाखांवर माणसे, आपापल्या गावची वर्णने, छायाचित्रे, नकाशे. सगळे खास प्रकारच्या दोन लेसरडिस्कवर घातले. ती वाचायला खास प्लेअर आणि खास संगणक लागे, किंमत पाच हजार पौंडांच्या घरात. ज्या शाळांनी माहिती जमवली त्यांतल्या बहुतेकांना ती परवडली नाही. सोळा वर्षांत तो प्लेअर दुर्मीळ झाला. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या लोकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम लिहून तो मजकूर सोडवला. तबकडी बरी होती, तिची भाषा बोलणारे यंत्र मेले होते.

आपल्याकडे हे घडायला यंत्रही मरावे लागत नाही. माझ्याच सीड्यांमध्ये अठ्ठेचाळिसावी मजकुराची होती: सगळ्या प्रयोगांच्या नोंदी, नटांची नावे, गावे, तारखा. ती बिनचूक उघडली. आत मराठीऐवजी रोमन अक्षरे, कंस, डॉलरची चिन्हे आणि उच्चारचिन्हांची गर्दी. १९९० च्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षे मराठी अक्षरजुळणी ज्या फाँटांवर चाले त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती, पण छापखाने आणि आपण तिकडे वळलो ते फार उशिरा. तो फाँट संगणकात नसेल तर मजकूर असूनही नसतो. मोडी न येणाऱ्याच्या हाती दफ्तराचा रुमाल द्यावा तसे. माझ्या नोंदी एका जुन्या विद्यार्थिनीने दोन संध्याकाळी बसून परत मराठीत आणल्या. "सर, फाँटचं नाव तरी लिहून ठेवायचं होतं," एवढेच ती म्हणाली. हे दिवाळी अंक चाळणाऱ्या वाचकांना मुद्दाम सांगतो, कारण त्या काळातल्या कितीतरी अंकांच्या आणि पुस्तकांच्या मूळ प्रती अशाच फाँटांत, अशाच सीड्यांवर, संपादकांच्या आणि अक्षरजुळणीकारांच्या खणांत पडून आहेत.

याला उतारा म्हणून अधूनमधून नवी अमर तबकडी येते. अमेरिकेतल्या एका कंपनीने रंगाऐवजी दगडासारखा थर वापरून हजार वर्षांची तबकडी काढली, एम-डिस्क नावाची. कल्पना चांगली, टिकाऊपणाच्या चाचण्याही चांगल्या. ती कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. तायो युदेनने २०१५ अखेर हा धंदा सोडला, सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिण्याच्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपला तर तबकडीची खाचच नसते. याउलट जात्यावरच्या ओव्यांचे पाहा. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज 'परी' या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमामुळे कोणालाही वाचता-ऐकता येतात. त्या एका अमर वस्तूवर ठेवल्या म्हणून उरल्या नाहीत. कागदावरून संगणकात, फितीवरून पुढच्या माध्यमात, एका हातातून दुसऱ्या हातात त्या वेळेवर गेल्या.

सतरावीची गोष्ट राहिली. गाण्याची सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि माझी बिघडली होती बाहेरून आत. म्हणजे सुरुवात शाबूत असायला हवी होती. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते हे त्या विद्यार्थिनीने सांगितले. तिने एक पुराणा प्लेअर, दोन जुने संगणक आणि कोणाच्या तरी गाडीतून काढलेले यंत्र असे चौघे मिळवले. सगळ्यांत जुन्या संगणकाने तबकडी ओळखली. सर्वांत कमी वेगाने, पुन्हा पुन्हा वाचून, दोन यंत्रांनी वाचलेले तुकडे जोडून, ७१ मिनिटांपैकी ५२ मिनिटे मिळाली. गेली ती शेवटची एकोणीस. आख्यानाचा शेवट तिथे होता: स्मशानात डोंबाचा चाकर झालेला राजा आणि पोराचे प्रेत घेऊन आलेली तारामती. त्या रात्री तो प्रवेश मी स्वतः पाहिला आहे. पहाटेचे चार वाजले असतील, बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. राजा काय बोलला ते मला आठवत नाही. सीडीवर आहे म्हणून मी लक्षात ठेवले नव्हते.

गणेशोत्सवानंतर तो तरुण आला. ५२ मिनिटे आम्ही दोघांनी ऐकली. मध्ये एकदा त्याने हात वर केला आणि थोडे मागे न्यायला सांगितले. वडिलांनी खोकून वाक्य पुन्हा सुरू केले होते, तेवढाच तुकडा त्याने तीनदा ऐकला. शेवटी आवाज करकरला आणि थांबला. तो पुढे काही विचारील असे वाटले, पण त्याने फक्त पेन ड्राइव्ह पुढे केला आणि म्हणाला, "ह्या किती वर्षां टिकतला?"

मी सांगितले, आकडा विचारू नकोस. आजच घरच्या संगणकात एक प्रत कर, एक बहिणीकडे मुंबईला पाठव. दर दिवाळीला एकदा लावून शेवटपर्यंत ऐक, आणि चार-पाच वर्षांनी नव्या वस्तूवर उतरव. त्याने मोबाइलमध्ये तसे लिहून घेतले. माझ्या अठ्ठेचाळीसपैकी एकोणचाळीस आतापर्यंत उतरवून झाल्या आहेत, पाच पूर्ण गेल्या. उरलेल्या चार मी अजून लावून पाहिलेल्या नाहीत.